पेठ कोणीं वसविली, आणि पाणी कोणीं भरलें ? : पुण्याच्या पेठवर्णनांचें परीक्षण

१

पुणें शहराच्या पेठांचीं वर्णनें आजवर पुष्कळ झालीं आहेत. ना. वि. जोशी यांचें ‘पुणें शहराचें वर्णन’ १८६८ सालीं निघालें. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियराच्या अठराव्या खंडाचा तिसरा भाग १८८५ त प्रसिद्ध झाला व त्यांत शहराची पेठवार हकीगत आली. पुढें गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिशा, गो. स. सरदेसाई यांनीं संपादिलेले पेशवे दप्तराचे खंड आणि ‘पुणें नगर संशोधन वृत्ता’चे खंड यांनीं या विषयास अस्सल कागदांचा आधार मिळवून दिला. गोखले अर्थशास्त्र संस्थेनें धनंजयराव गाडगीळ यांच्या देखरेखीखालीं केलेली पुण्याची सामाजिक व आर्थिक पाहणी १९४५ व १९५२ सालीं दोन भागांत छापली गेली. १९८८ त बा. गो. गोखले यांचा अठराव्या शतकांतील पुण्यावरील इंग्रजी ग्रंथ आला. तेव्हां साहित्याच्या तुटीची तक्रार आम्हांस करावयाची नाहीं. आमची तक्रार पद्धतीविषयीं आहे.

पेठवर्णनांत पेठ कोणीं वसविली या प्रश्नाचें उत्तर बहुधा मिळतें. ती कशाच्या आधारावर वसली, तिच्या सोयींचा खर्च कोणीं सोसला, आणि त्या सोयी कोणास मोकळ्या व कोणास बंद होत्या, या तीन प्रश्नांचें उत्तर बहुधा मिळत नाहीं. हा दोष एखाद्या लेखकाचा नसून या वाङ्मयप्रकाराच्या सांच्याचा आहे. तो सांचा तपासणें व त्यापायीं कोणत्या जातीचे कागद आमच्या संग्रहांतून निसटत आहेत हें दाखविणें, एवढाच या लेखाचा हेतु होय. उदाहरणादाखल आम्हीं पेठेची एकच सोय घेतली आहे, ती म्हणजे हौद.

२

पेठवर्णनाचा सांचा सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रथम पेठेचें चालू नांव, मग जुनें नांव, मग वसविणाराचें नांव व साल, आणि त्यानंतर देवळें, वाडे, बाजार व लोकवस्ति. बुधवारचें मोहियाबाद, शनिवारचें मुर्तझाबाद, शुक्रवारचें विसापूर, रास्ता पेठेचें शिवपुरी, सदाशिव पेठेच्या जागचें नायगांव, हीं नांवें या सांच्यामुळेंच टिकलीं हें आम्ही कृतज्ञतेनें मान्य करतों. जुन्या कागदांत विसापूर हें नांव आढळल्यास तो कागद शुक्रवार पेठेचा असूं शकेल असें आज ओळखतां येतें, तें या वर्णनकारांच्या श्रमांमुळें. त्यांनीं पायीं फिरून, वृद्धांस विचारून व हातीं लागतील ते कागद पाहून हें काम केलें. गॅझेटियरकारांजवळ तर सरकारी दप्तराची सोय होती.

परंतु ‘वसविली’ या एका क्रियापदांत या वर्णनांनीं फार भिन्न भिन्न गोष्टी कोंबल्या आहेत. पेशव्यांनीं आज्ञा दिली, एखाद्या सरदारानें अगर कारकुनानें ती अमलांत आणिली, शेटे व महाजन यांस वतन मिळालें, व्यापारी व कारागीर यांस कांहीं वर्षें पट्टी माफ करणारा कौल दिला गेला, मोहोल्ले आंखले गेले, लोक येऊन राहिले, आणि अखेरीस पेठ सरकारास उत्पन्न देऊं लागली, या सर्व पायऱ्या निरनिराळ्या आहेत. त्यांच्यामध्यें महिन्यांचेंच नव्हे तर वर्षांचें अंतर पडूं शकतें. वर्णनकार यांपैकीं कोणती पायरी धरून साल देतो, हें तो सांगत नाहीं.

सालांच्या घोळास आणखी एक सूक्ष्म कारण आहे, तें संग्राहकांनीं तरी ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. अठराव्या शतकांतील कागदांवर बहुधा सुहूर सन असतो. तो मृगापासून, म्हणजे इंग्रजी जून महिन्याच्या आरंभीं सुरू होतो. शालिवाहन शक चैत्रांत पालटतो, आणि इसवी सन जानेवारींत. म्हणून सुहूर सनाचें एक वर्ष इसवी सनाच्या दोन वर्षांवर पसरतें. कागदावर चंद्र अगर तिथि नसेल तर त्याचें रूपांतर एका इसवी सालांत करतांच येत नाहीं. तरी वर्णनांत एकच साल निःशंक लिहिलेलें असतें. एकाच पेठेच्या स्थापनेविषयीं दोन पुस्तकांत एका वर्षाचा फरक आढळला कीं वाचक त्यांतील एक पुस्तक चूक समजतो. पुष्कळदां दोन्ही पुस्तकें एकाच कागदावरून लिहिलेलीं असतात व दोष केवळ रूपांतराचा असतो.

शुक्रवार पेठेचें उदाहरण घेऊं. ही पेठ जिवाजीपंत खासगीवाले यांनीं १७३४ च्या सुमारास वसविली असें गॅझेटियरांत आहे, व पुढील लेखकांनीं तेंच उचललें आहे. तें साल चूक आहे असें आमचें म्हणणें नाहीं. कात्रजचा नळ त्यानंतर, १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनीं बांधविला, हेंहि त्याच पुस्तकांवरून कळतें. मग मधल्या सुमारें पंधरा वर्षांत विसापूरची वस्ति कोणत्या पाण्यावर जगली ? आड, ओढा आणि नदी यांवांचून दुसरें साधन नव्हतें. आडाच्या पाण्यावर वसलेली पेठ आणि नळाच्या पाण्यावर वाढलेली पेठ यांचें स्वरूप एक असूं शकत नाहीं. आड हा वाड्याच्या आंत असतो व त्याची मालकी घराची असते. हौद चवाठ्यावर असतो व त्याच्याभोंवतीं आळी गोळा होते. १७३४ व १७५० हीं दोन सालें एकाच पुस्तकाच्या दोन प्रकरणांत शेजारीं शेजारीं असतांहि तीं जुळविण्याचें काम वर्णनकारानें केलें नाहीं. पेठ त्यानें इतिहासाच्या प्रकरणांत घातली व नळ इमारतींच्या प्रकरणांत घातला. आमच्या तक्रारीचें मूळ या वांटणींत आहे.

३

कात्रजचा नळ म्हणजे काय होतें, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. शहराच्या दक्षिणेस कात्रज येथें दोन तलाव बांधून त्यांचें पाणी दगडी बांधणीच्या भूमिगत मार्गानें, केवळ उतारावर, शनिवारवाड्यापर्यंत व शहरांतील हौदांपर्यंत आणलें होतें. हा मार्ग माणसास आंत उतरून साफ करतां यावा इतका मोठा असून त्यावर ठिकठिकाणीं उच्छ्वास बांधले होते. शहरांत पाणी हौदांत पडे व तेथून खापरी नळांनीं कांहीं वाड्यांच्या खासगी हौदांत जाई. पुढें नाना फडणवीसांनीं सदाशिव पेठेच्या हौदाकरितां निराळा नळ बांधला व रास्त्यांनीं आपल्या पेठेकरितां कोंढव्याकडून पाणी आणिलें. पर्वतीच्या पायथ्याशीं तलाव झाला व आंबिल ओढ्याचा प्रवाह वळविला गेला. त्या वळणामुळेंच नायगांवाकडील जमीन दाट वस्तीस योग्य झाली असें मानण्यास जागा आहे.

हें सर्व वर्णनांतून येतें, आणि तेथेंच थांबतें. हौदाची लांबीरुंदी, बांधणाराचें नांव, जवळचें देऊळ, एवढें लिहून झालें कीं वर्णनकार पुढच्या इमारतीकडे वळतो. परंतु हौद ही देवळासारखी एकदां बांधून होणारी वस्तु नव्हे. देऊळ वर्षभर बंद राहिलें तरी देऊळच राहतें. हौदांत आठ दिवस पाणी पडलें नाहीं तर तो हौद राहत नाहीं. नळांत गाळ सांचतो, झाडांच्या मुळ्या शिरतात, खापरें फुटतात, वरच्या वाड्यानें तोटी मोठी केली कीं खालच्या आळीचें पाणी तुटतें. म्हणून चालू हौदाच्या मागें गाळ काढणारे बेलदार, नळाची राखण करणारे, खर्च मंजूर करणारा कारकून, आणि तंटा तोडणारा अधिकारी असे चारजण नेहमीं असलेच पाहिजेत. हौद वर्णनांत एका ओळीचा असला तरी दप्तरांत त्याचे कागद दरसाल व्हावयाचे.

तंटा तोडणारा अधिकारी कोण, हें आपणांस ठाऊक आहे. तो शहरचा कोतवाल. सुरेंद्रनाथ सेन यांनीं मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथांत कोतवालाचीं कामें एकत्र दिलीं आहेत. पेठांतील महत्त्वाचे तंटे, बाजारभाव, सरकारी कामास मजूर पुरविणें, जागांच्या खरेदीविक्रीवर देखरेख, लोकांची गणती, आल्यागेल्याची नोंद, रस्ते, बोळ व घरें यांविषयींचे वाद, आणि दरमहाचा हिशेब, इतकीं कामें त्याच्याकडे होतीं. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर नगररचना, बाजार, नोंदणी व पोलीस हीं चारहि खातीं एका चावडींत होतीं. पण पुण्याचा कोतवाल म्हटला कीं वर्णनकारांस एकटा घाशीराम आठवतो, व त्याचा १७९१ तील भयंकर शेवट सांगून कोतवालीचें प्रकरण संपतें. घाशीरामाचा अंत ही एका दिवसाची गोष्ट आहे. बोळ कोणाचा, पन्हळ कोणाच्या दारीं पडावी, पडवी रस्त्यावर किती यावी, हे तंटे शतकभर दररोज चालले. त्यांवर एकहि स्वतंत्र प्रकरण या पेठवर्णनांत नसावें, हें आश्चर्य आहे.

४

असें कां झालें, याचें कारण वर्णनकारांच्या आळसांत शोधणें अन्यायाचें होईल. तें कागदांच्या टिकण्यांत शोधलें पाहिजे. १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनास अधिकार मिळाले, व इनामें, वतनें व हक्क यांचे पुरावे मागितले जाऊं लागले. ज्या घराजवळ सनद होती त्या घरानें ती जिवापाड जपली, तिच्या नकला करविल्या. वतनाचा कागद म्हणजे उत्पन्नाचा कागद. उलट, नळ साफ करण्यास अमुक रुपये लागले किंवा अमक्याच्या भिंतींतून तोटी घेऊं नये असा निवाडा झाला, या कागदांनीं १८५२ नंतर कोणाचाहि हक्क सिद्ध होत नव्हता. ते माळ्यावर गेले, वाळवीस गेले, रद्दींत गेले. पुढें पुष्कळ जुने वाडे पडले, आणि १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरानें नदीकांठच्या पेठांतील घरें वाहून नेलीं, तेव्हां घरांबरोबर घरांतील दप्तरेंहि गेलीं.

म्हणजे वसविणाराचें नांव टिकलें तें त्याचें महत्त्व अधिक होतें म्हणून नव्हे. त्या नांवाचा कागद कोर्टकचेरींत उपयोगी होता म्हणून. वर्णनकारांनीं टिकलेल्या कागदांवरून इतिहास लिहिला व टिकण्याच्या कारणाचा विचार केला नाहीं. साधनांची परीक्षा करतांना कागद अस्सल कीं बनावट एवढेंच पाहून भागत नाहीं. तो कोणाच्या गरजेनें जपला गेला, आणि त्याच्या शेजारचा कागद कोणास नकोसा झाला, हेंहि पाहावें लागतें.

५

आतां तिसऱ्या व सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाकडे वळूं. पेठवर्णनांत हौदास सार्वजनिक म्हणण्याची चाल पडली आहे. हा शब्द अठराव्या शतकावर लादतांना फार जपलें पाहिजे. सरकारी पैशानें बांधलेला, धर्मार्थ सोडलेला, रस्त्यावर असलेला, आणि सर्वांस मोकळा असलेला, हे चार निरनिराळे गुण आहेत. पेशवाईंतील हौदांत पहिले तीन गुण असूं शकत. चौथा गुण नव्हता. ज्यांस अस्पृश्य मानलें जाई त्यांस त्या हौदाचा कांठ बंद होता. १८६८ सालीं, म्हणजे जोशी यांचें पुस्तक निघालें त्याच सालीं, जोतीराव फुले यांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. शहरांत नळ येऊन शंभराहून अधिक वर्षें झालीं होतीं. पाणी सर्वांस खुलें आहे अशी पाटी त्या काळीं लागली ती एका खासगी घराच्या हौदावर, आणि जे धर्मार्थ म्हणविले जात ते हौद बंदच राहिले, ही गोष्ट नगराच्या इतिहासांत कोणत्याहि पेठेच्या स्थापनेहून कमी महत्त्वाची नाहीं. फुल्यांच्या चरित्रांत ती येते. पेठवर्णनांत ती गंज पेठेच्या प्रकरणांत यावयास हवी होती. आज ती पेठ त्यांच्याच नांवानें ओळखली जाते, तरी वर्णनाचा सांचा जुनाच राहिला आहे.

हा प्रश्न पुराणवस्तूंच्या आवडीचा नाहीं, हक्काचा आहे, हें दाखविण्यास पुण्याबाहेरचें एक उदाहरण देतों. मुंबई कायदे कौन्सिलांत सी. के. बोले यांनीं आणलेला ठराव १९२३ त पास होऊन सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचें धोरण ठरलें. त्यास अनुसरून महाडच्या म्युनिसिपालिटीनें १९२४ सालीं चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे अनुयायी यांनीं त्या तळ्याचें पाणी घेतलें. पुढें कांहीं रहिवाशांनीं दावा लावला, आणि तो मुंबईच्या हायकोर्टापर्यंत जाऊन १९३७ च्या मार्चांत निकालांत निघाला. वादाचा कणा ऐतिहासिक होता. तळें कोणाचें, आणि इतरांस तेथें मज्जाव करण्याची वहिवाट अनादि कालापासूनची आहे कीं नाहीं ? तशी प्राचीन वहिवाट वादींकडून सिद्ध झाली नाहीं, व तळें म्युनिसिपालिटीच्या मालकीचें ठरलें.

या निकालांत आमच्या वाचकांनीं लक्षांत घेण्याजोगा धडा आहे. एका तळ्याचें पाणी कोण भरी आणि कोण भरीत नसे, याचा लेखी पुरावा ही हायकोर्टानें तोलावयाची वस्तु ठरली. ज्या गोष्टीस पेठवर्णनकार एक ओळ देत नाहींत तिच्यावर माणसांचा पाण्याचा हक्क अवलंबून होता. वहिवाट प्राचीन होती अथवा नव्हती हें भावनेनें ठरवावयाचें नसून कागदानें ठरवावयाचें आहे. तो कागद संशोधकांनीं जपला नाहीं तर उद्यां कोणीहि आपल्या सोयीची वहिवाट प्राचीन म्हणून सांगूं लागेल.

६

येथें आणखी दोन मतांचा समाचार घेतला पाहिजे. एका पक्षाचें म्हणणें असें कीं पेशवाईंत नगररचना पूर्णतेस पोंचली होती व इंग्रजांनीं ती बिघडविली. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं नगररचना म्हणून जें कांहीं आहे तें १८५७ सालीं पुण्यास म्युनिसिपालिटी स्थापन झाल्यापासूनचें आहे व तत्पूर्वीं केवळ अव्यवस्था होती. हीं दोन्ही मतें आम्हांस अग्राह्य वाटतात, आणि दोहोंचें खंडन एकाच हौदावरून होतें.

पहिल्या पक्षास आम्ही इतकेंच विचारतों कीं नळाचें पाणी पहिल्यानें कोठें जाई ? तें शनिवारवाड्यास व मोठ्या वाड्यांस जाई. सामान्य आळीस हौद मिळे तो त्या मार्गावर असल्यास. नाना फडणवीस व रास्ते यांस आपापल्या पेठांकरितां वेगळे नळ बांधावे लागले, यांतच पहिली व्यवस्था सर्व शहरास पुरत नव्हती याची कबुली आहे. पाणी ही सत्ताधीशांची देणगी होती. देणगीस कृतज्ञता लागते, हिशेब विचारतां येत नाहीं.

दुसऱ्या पक्षास आमचें उत्तर असें. १८५० च्या सव्विसाव्या कायद्याखालीं पुण्यास जी म्युनिसिपालिटी मिळाली तिला आयते बांधलेले हौद, आंखलेल्या पेठा आणि चालू नळ मिळाले. सर जमशेदजी जीजीभाई यांच्या देणगीच्या साह्यानें १८५० सालीं मुळामुठेवर बंधारा झाला तो, आणि १८७९ त पुरें झालेलें खडकवासल्याचें धरण, यांमुळें पाण्याचा पुरवठा वाढला हें खरें. परंतु पेठांची घडण, रस्त्यांचीं वळणें, चवाठे व बाजाराच्या जागा या जुन्याच राहिल्या. नवें काय झालें तें वेगळेंच होतें. पाण्यास पट्टी आली, पट्टीस हिशेब आला, आणि हिशेबावर सभेंत बोलण्याचा हक्क आला. १८७६ पासून कांहीं वर्षें जोतीराव फुले स्वतः या म्युनिसिपालिटीचे सभासद होते. १८८६ सालीं उघडलेली मंडई शनिवारवाड्यासमोरचा जुना बाजार हलवून शुक्रवार पेठेंत नेण्यांत आली, तेव्हां पेठेचा मध्य कोठें असावा हा प्रश्न प्रथमच अर्जांनीं, सभांनीं व वर्तमानपत्रांनीं लढला जाऊं लागला. आज्ञेनें पेठ वसविण्याचा काळ संपून वादानें पेठ घडण्याचा काळ येथें सुरू होतो. पेठवर्णनकार मात्र या सरहद्दीवर येऊन थांबतात. त्यांच्या लेखीं १८१८ नंतर पेठेंत इतिहास घडलाच नाहीं, केवळ वस्ति राहिली.

पाणी घराघरांत नळानें येऊं लागलें तसतसा हौद निरुपयोगी झाला. घागर घेऊन उभें राहण्याची जागा गेली, आणि तीबरोबर आळीनें रोज एकत्र येण्याचें एक निमित्तहि गेलें. पण आळीचें एकत्र येणें थांबलें नाहीं, त्यानें दुसरीं ठिकाणें शोधलीं. तालमी जुन्याच होत्या. १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव आला, त्याबरोबर मेळे आले, पुढें वाचनालयें व मंडळें आलीं. वर्गणी कोणाकडून घेतली, कोणाकडून घेतली नाहीं, मंडप कोणत्या चवाठ्यावर पडला, खर्च कोणीं तपासला, या नोंदींत पेठेची हद्द जितकी स्पष्ट दिसते तितकी ती कोणत्याहि नकाशांत दिसत नाहीं. कधीं कधीं तर वस्तु जाऊन नांवच पुरावा म्हणून उरतें. वेताळ पेठेंतील पांच हौदांवरून तेथील मिशनास पंचहौद हें नांव पडलें, आणि १८९० सालीं तेथल्या चहापानावरून पुण्यांत जो वाद माजला तो त्याच नांवानें इतिहासांत गेला. वाद सर्वांस ठाऊक आहे. ते पांच हौद कोणाचे व त्यांवर पाणी कोण भरी, हें विचारणारा क्वचित् भेटतो.

७

परीक्षणाचा समारोप केवळ दोषदर्शनानें करणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. तेव्हां संग्राहकांपुढें कांहीं सूचना ठेवतों.

पहिली सूचना खरेदीखतांविषयीं. सामान्य घराचें खरेदीखत हातीं आल्यास त्यांत प्रसिद्ध पुरुषाचें नांव नाहीं म्हणून तें टाकूं नये. प्रत्येक खरेदीखतांत चतुःसीमा लिहिलेली असते. पूर्वेस कोणाचें घर, दक्षिणेस कोणता बोळ, उत्तरेस हौदाची वाट कीं आडाचा हक्क, हें त्यांत असतें. एका आळींतील दहा खरेदीखतांच्या चतुःसीमा जुळविल्या तर त्या आळीचा नकाशा हातीं येतो, व निरनिराळ्या सालांचीं खतें मिळाल्यास ती आळी कशी बदलली हेंहि कळतें. सनदेंतून पेठेचा मालक कळतो, चतुःसीमेंतून शेजारी कळतात.

दुसरी सूचना हिशेबांविषयीं. रोजकीर्दी व खर्चाच्या यादी यांतील गाळ काढणें, चुना, खापरें, बेलदारांची मजुरी व पाणक्याचा पगार या बाबी वेगळ्या उतरून ठेवाव्या. मोठ्या वाड्यांच्या दप्तरांत त्या असण्याचा संभव अधिक, कारण पाण्याची वाट ज्याच्या अंगणांतून जाई त्याच्यावर तिच्या डागडुजीचा भार पडे.

तिसरी सूचना एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील कागदांविषयीं. म्युनिसिपालिटीच्या नोटिसा, पट्टीच्या पावत्या, मंडईविषयींचे छापील अर्ज, आळींतील तालमींचीं व मंडळांचीं वर्गणीपुस्तकें, वाचनालयांच्या वार्षिक यादी, हीं सर्व साधनें मोडी कागदांइतकींच आदरानें जपलीं पाहिजेत. १५ फेब्रुवारी १९५० रोजीं पुण्याची म्युनिसिपालिटी जाऊन महानगरपालिका आली. त्यापूर्वीं सालोसाल झालेले कागद आतां तितकेच जुने व तितकेच नाशवंत झाले आहेत.

चौथी सूचना टिपणाच्या पद्धतीविषयीं. प्रत्येक हौदाचें एक स्वतंत्र टिपण करावें व त्यांत सहा प्रश्नांचीं उत्तरें लिहावीं. पाणी कोठून येई ? हौद कोणीं बांधला ? जागा कोणाची होती ? दुरुस्तीचा खर्च कोण करी ? पाणी कोण भरी ? आणि कोणास तेथें येण्याची बंदी होती ? ज्या प्रश्नाचें उत्तर कागदांत नसेल तेथें जागा कोरी सोडावी, दंतकथेनें ती भरूं नये. अशीं टिपणें एकत्र आल्यावर कोऱ्या जागा कोणत्या प्रश्नासमोर अधिक आहेत तें पाहावें. आमचा तर्क असा कीं त्या शेवटच्या दोन प्रश्नांसमोर अधिक असतील. संशोधनाची पुढची दिशा त्या कोऱ्या जागांवरूनच ठरली पाहिजे.

जोशी व गॅझेटियरकार यांनीं जें केलें त्याचें मोल या परीक्षणानें उणें होत नाहीं. त्यांनीं पेठांचीं नांवें व वसविणारांचीं नांवें दिलीं. पेठेंत राहणारांचा इतिहास लिहिण्याचें काम उरलें आहे, आणि त्याचे कागद अद्यापि जुन्या ट्रंकांत, देवघरामागच्या फडताळांत व रद्दीच्या दुकानांत आहेत. तेथून ते बाहेर काढणें हें संग्राहकांच्या हातीं आहे, व तें काम पुढच्या पावसाळ्यावर टाकण्यासारखें नाहीं.